ट्रॉयची परीक्षा आठवून बघा

कॅप्टन व्हायला अनुभव आणि तांत्रिक ज्ञान पुरे, हे लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या अंतराळजहाजावरच्या टीव्ही मालिकेच्या सातव्या सीझनमधला (१९९४) डीॲना ट्रॉयच्या कमांडरपदाच्या परीक्षेचा भाग आठवा. ती जहाजावरची समुपदेशक. सरावात जहाज वाचवायला जाते आणि दर वेळी नापास होते. रात्रंदिवस अभ्यास केला तरी तेच. कारण उत्तर यंत्रात नसतंच मुळी! आत दुरुस्तीला जाणारा किरणोत्सर्गाने मरणार हे माहीत असूनही तिने जहाजाचा मुख्य अभियंता जॉर्डीला पाठवायचं असतं. होलोडेकवरचा (हुबेहूब आभासी जग उभं करणाऱ्या खोलीतला) जॉर्डी खरा नाही, पण हुकूम सोडतानाचा तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. डेटा या यंत्रमानव अधिकाऱ्याला तर सगळं जहाज तोंडपाठ, तरी शेवटी ती हुद्द्याने त्याच्या वर जाते.