बारा खाटांचं हॉस्पिटल नकोय कुणाला?

आमच्या तालुक्याच्या गावातलं एक प्रसूतिगृह मागच्या दिवाळीनंतर बंद झालं. बोर्ड उतरला, तळमजल्यावर मोबाईलचं दुकान आलं. लोकांना वाटतं, डॉक्टर दमले असतील, निवृत्त झाले असतील. डॉक्टर ठणठणीत आहेत, पंचावन्नच्या आसपासचे आहेत आणि शहरातल्या एका साखळी हॉस्पिटलात पगारावर ओपीडी बघतात. पेशंट कमी पडले म्हणून त्यांनी बंद केलं नाही. शेवटच्या आठवड्यापर्यंत बाकड्यावर बसायला जागा नव्हती.

मी डॉक्टर नाही. बँकेत होतो, स्वेच्छानिवृत्ती घेतली. वहिनी स्त्रीरोगतज्ज्ञ, भाऊ भूलतज्ज्ञ, दोघांचं मिळून बारा खाटांचं हॉस्पिटल. तिथले कागद मी बघतो. त्यामुळे पुढचं सगळं काउंटरच्या आतल्या बाजूने लिहिलेलं आहे, हे धरूनच वाचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कॉमेंटमध्ये पहिलं वाक्य तेच येईल. मला नियम नको आहेत असं नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा बाळं गेली. त्याच एप्रिलमध्ये विरारला आयसीयूत आग लागली. त्यानंतर कुणी मला ‘फायरचं काय एवढं’ म्हणालं तर मी त्याच्याशी बोलत नाही. आमच्याकडे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घेतो आणि तो घेतलाच पाहिजे.

माझं म्हणणं वेगळं आहे. तीनशे खाटांच्या हॉस्पिटलात कागदांसाठी एक अख्खा विभाग असतो. आमच्याकडे तो विभाग म्हणजे मी आणि एक कपाट. नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली, जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून, सोनोग्राफीची नोंदणी गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली, गर्भपात केंद्राची मान्यता वेगळी, अग्निशमन वेगळं, लिफ्ट वेगळी, शिवाय नगरपालिका. प्रत्येकाची मुदत वेगळ्या तारखेला संपते आणि प्रत्येकाला बाकीच्यांच्या झेरॉक्स लागतात. एकाचं नूतनीकरण दुसऱ्यासाठी अडतं, दुसऱ्याचं पहिल्यासाठी. साहेब बदलले की फाइल पहिल्यापासून.

फॉर्म एफ घ्या. गरोदर बाईची सोनोग्राफी केली की भरायचा. मुलींना पोटात मारणारा हा समाज आहे, तेव्हा कायदा कडकच हवा, आणि एखादा रकाना रिकामा राहिला तरी तो गुन्हा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची याचिका फेटाळताना ठणकावून सांगितलं आहे. मान्य. पण प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. बाई शेतातून थेट आलेली, सोबत सासू. पत्ता विचारला तर ‘वस्तीवर’. फोन नवऱ्याचा, नवरा ऊसतोडीला. वहिनी हातात प्रोब घेऊन थांबलेली आणि मी बाहेर त्या सासूबाईंना विचारतोय, ‘मावशी, गावाचं नाव तरी नीट सांगा.’ हे काम मोठ्या हॉस्पिटलात स्वतंत्र माणूस करतो. आमच्याकडे चुकलं तर मशीन सील, खटला डॉक्टरवर. साखळीच्या मालकाच्या दाराशी कुणी जात नाही, तिथेही सही करणारा डॉक्टरच अडकतो.

आता पैशाकडे येतो. खरं मरण तिथे आहे.

जानेवारी २०२४ मध्ये जनरल इन्शुरन्स कौन्सिलने, म्हणजे विमा कंपन्यांच्या संघटनेने, ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ जाहीर केलं. पॉलिसी कुणाचीही असो, हॉस्पिटल यादीत असो-नसो, कॅशलेस मिळणार, म्हणजे बिल थेट विमा कंपनी भरणार. मी पेढे वाटायचाच बाकी होतो. मग बारीक अक्षर वाचलं: किमान १५ खाटा, आणि क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखाली नोंदणी. तो २०१० चा केंद्राचा कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही, आपल्याकडे जुना नर्सिंग होम कायदाच चालतो. आणि खाटा बारा. म्हणजे ‘एव्हरीव्हेअर’मध्ये आमचा तालुका बसत नाही.

परिणाम? बाजारपेठेतल्या एका कापड दुकानदाराच्या सुनेची गर्भाशयाची शस्त्रक्रिया. पाच वर्षं वहिनीकडेच दाखवत होती. ऑपरेशनच्या वेळी शहरात गेली, कारण तिथे कॅशलेस. तिथलं बिल आमच्या अंदाजाच्या दुपटीच्या पुढे गेलं. घरच्यांना काही वाटलं नाही, कारण भरलं विमा कंपनीने. पुढच्या वर्षी हप्ता वाढला तेव्हा दुकानदार मला म्हणाला, ‘काका, हे विमावाले लुटतात बघा.’ मी काय बोलणार!

यादीत असलेल्या छोट्या हॉस्पिटलांचीही कथा फार वेगळी नाही. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी कागद अपलोड करायचे आणि टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या मध्यस्थ कंपनीच्या, पोर्टलकडे बघत बसायचं. विमा नियामकाने मे २०२४ च्या परिपत्रकात सांगितलंय की डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्या. तिसऱ्या तासाच्या तोंडावर क्वेरी येते. पेपर वाचता येत नाहीत, भूल किती वेळ दिली ते लिहा, हातमोजे बिलातून वगळले. क्वेरी आली की घड्याळ पुन्हा शून्यावर. बाळंतीण साडी बदलून बसलेली, बाहेर जीप थांबलेली, आणि ओरडा खातात ते काउंटरवर बसलेले आम्ही.

दरांचंही असंच. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस आरोग्य योजनेत एनएबीएच हे दर्जाचं मानांकन नसलेल्या हॉस्पिटलला त्याच शस्त्रक्रियेचे १५ टक्के कमी मिळतात. मानांकनाला विरोध नाही. पण वहिनीने सिझर आमच्या थिएटरात केलं काय किंवा शहरातल्या मानांकित हॉस्पिटलात बोलावल्यावर जाऊन केलं काय, हात तेच आणि टाके तेच. तफावत ठेवायचीच तर मानांकनाच्या खर्चात मदत करा, तीही नाही. राज्याची महात्मा फुले योजना आता सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंत लागू आहे, उत्तम आहे. पैसे महिनोन्महिने अडकल्याच्या तक्रारी मात्र कुठल्याही डॉक्टरकडून ऐका. मोठं हॉस्पिटल ते वर्षभर ओढतं. आमच्याकडे नर्सचा पगार एक तारखेला.

बँकेत असताना लघुउद्योगांची खाती बघायचो, म्हणून हे खटकतं. २००६ चा एमएसएमई कायदा म्हणतो की छोट्या पुरवठादाराचं बिल ४५ दिवसांत द्या, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नटबोल्ट पुरवणाऱ्याला हे संरक्षण आहे आणि असायलाच हवं. तोच काटा योजनांच्या आणि विम्याच्या पैशाला का लागू नये? ही माझी पहिली मागणी.

दुसरी जरा अवघड आहे. पुण्याचं सह्याद्री हॉस्पिटल सगळ्यांना माहीत आहे, न्यूरोसर्जन डॉ. चारुदत्त आपटे यांनी उभं केलेलं. २०१९ मध्ये एव्हरस्टोन ही गुंतवणूक कंपनी आली, २०२२ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओच्या शिक्षकांचा पेन्शन फंड आला, २०२५ मध्ये मणिपाल या हॉस्पिटल साखळीने सुमारे ६,४०० कोटींना व्यवहार केल्याच्या बातम्या आल्या. मणिपालमध्ये मोठा हिस्सा सिंगापूरच्या टेमासेक या सरकारी गुंतवणूक कंपनीचा. यात बेकायदा काही नाही, भांडवल येऊ दे, मोठी हॉस्पिटलंही लागतातच. हृदयाचं ऑपरेशन आमच्या तालुक्यात करा असं कोण म्हणेल? (कॅनडातल्या मास्तरांची पेन्शन डेक्कनवर पिकत होती, याची गंमत मात्र वाटते.)

मुद्दा असा, की एका मालकाची चाळीस हॉस्पिटलं विमा कंपनीशी एका तोंडाने दर ठरवतात आणि त्याला व्यवसाय म्हणतात. चाळीस गावांतल्या चाळीस डॉक्टरांनी एकत्र येऊन ‘यापेक्षा कमी दर परवडत नाही’ म्हटलं, तर २००२ च्या स्पर्धा कायद्याखाली तो कार्टेल, म्हणजे संगनमताने दर ठरवणारा गट, ठरू शकतो. म्हणजे बोलायचं असेल तर आधी विकले जा! छोट्या हॉस्पिटलांच्या जिल्हा गटाला विमा कंपन्यांशी सामूहिक बोलणी करायची मुभा हवी, सरकारी प्रतिनिधीला समोर बसवून, इतिवृत्त जाहीर करून. आणि कॅशलेसची १५ खाटांची अट काढा. खाटा मोजून दर्जा कळत नाही. नर्सची नोंदणी बघा, थिएटर बघा, मृत्यूची नोंदवही बघा.

हे असंच चालू राहिलं तर कुठे जातं ते अमेरिकेत दिसतंय. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या, म्हणजे एएमएच्या पाहणीत स्वतंत्र प्रॅक्टिसमधले डॉक्टर २०१२ मध्ये ६०.१ टक्के होते, २०२४ मध्ये ४२.२. उपचार स्वस्त झालेत, असं तिथे राहणारा आमचा भाचा तरी म्हणत नाही.

आणि स्वतंत्र डॉक्टर गावात असण्याने काय होतं, याचं उदाहरण महाडला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात विंचू चावून पोरं मरायची. रक्तदाबाचं साधं प्राझोसिन वापरून त्यांनी ते मरण रोखलं, ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, स्वतःचं हॉस्पिटल महाडातच चालवलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पेशंट रोज समोर, आणि वर टार्गेट विचारणारा कुणी नाही, म्हणून हे होऊ शकलं असं मला वाटतं.

बावस्करांचं नाव घेतलं की कटप्रॅक्टिसचंही (पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन खाण्याचंही) घ्यावं लागतं, कारण तपासणी केंद्राने पाठवलेला कमिशनचा चेक त्यांनी परत करून जाहीर तक्रार केली होती. २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने राज्यासाठी कटविरोधी कायद्याचा मसुदाही केला. तो मसुदाच राहिला. तेव्हा डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर जो थयथयाट झाला, तो मी भावाच्या फोनवर वाचलेला आहे. स्वतंत्र प्रॅक्टिस वाचवा म्हणणाऱ्यांनी त्या कायद्याची मागणी स्वतःहून करायला हवी. कट खाऊन वर संरक्षण मागायचं, हे लोक ऐकून घेणार नाहीत, आणि घेऊही नये. भाऊ हे वाचून चिडणार आहे. चिडू दे.

पुढच्या महिन्यात पालकमंत्र्यांना द्यायचं निवेदन माझ्याकडे टाइप करायला आलंय. सात पानं. त्यात डॉक्टरांचा सन्मान, समाजाची कृतघ्नता वगैरे बरंच आहे. मी ते एका पानावर आणलंय: सगळ्या परवानग्यांची मुदत एकाच तारखेला आणि अर्ज एकाच खिडकीवर, पैसे ४५ दिवसांत, खाटांची अट रद्द, सामूहिक बोलणीची मुभा. आणि शेवटी, कटविरोधी कायदा आणा. या शेवटच्या ओळीवर अजून भांडण चालू आहे.

खाली सह्या डॉक्टरांच्या नकोत, पेशंटच्या हव्यात, असं मी सुचवलंय. तालुक्यातले कुणी हे वाचत असाल तर कागद आमच्या काउंटरवर ठेवलाय, दरपत्रकाच्या शेजारी. दरपत्रक आधी वाचा, पटलं तर सही करा.