ओव्हरटाइम नाकारू नका: ऑन्टॅरिओच्या टॅक्सचा तो फॉरवर्ड

रिटर्न भरायचे दिवस आले की टोरांटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागाकडच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक फॉरवर्ड फिरायला लागतो. गोषवारा असा: तुमचं उत्पन्न ज्या स्लॅबमध्ये बसतं, त्या दराने अख्ख्या उत्पन्नाला गुणा, तो ऑन्टॅरिओचा प्रांतिक टॅक्स. स्लॅब ओलांडणार असाल तर ओव्हरटाइम नाकारा, हातात उलट कमीच पडेल. घाईत असाल तर फेडरल, म्हणजे केंद्राच्या, टॅक्सच्या निम्मा धरा. आणि कटकटच नको असेल तर आल्बर्टातल्या मित्राचा पत्ता द्या, तिथे प्रांताचा टॅक्स नाही.

खालचे आकडे 2024 च्या उत्पन्नाचे आहेत आणि डॉलरमध्ये आहेत.

करपात्र उत्पन्न 80,000 धरू. फॉरवर्डच्या हिशेबाने 9.15 टक्के, म्हणजे 7,320. प्रत्यक्षात पहिल्या 51,446 वर 5.05 टक्केच लागतात, ते झाले 2,598. वरच्या 28,554 वर 9.15 टक्के, म्हणजे 2,613. बेरीज 5,211. त्यातून सगळ्यांना मिळणाऱ्या 12,399 च्या मूळ सवलतीचे 5.05 टक्के, म्हणजे 626 वजा. उरले 4,585. त्यावर ऑन्टॅरिओ हेल्थ प्रीमियमचे, म्हणजे उत्पन्नानुसार टॅक्ससोबतच भरायच्या प्रांताच्या आकाराचे, 750 चढवा, एकूण 5,335. सीपीपी (पेन्शन) आणि ईआय (बेरोजगारी विमा) यांच्या पगारातल्या कपातीवरचं क्रेडिट, म्हणजे टॅक्समधली सूट, धरलं तर आणखी दोनेकशे कमी. फॉरवर्डवाल्याने दोन हजार फुकट वाढवून ठेवलेत.

यंदाच उतरलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: वर्षाच्या मध्यात कॅनडात आलात तर ती मूळ सवलत साधारणपणे राहिलेल्या दिवसांच्या प्रमाणात मिळते, पूर्ण नाही.

आता ओव्हरटाइम. स्लॅबच्या वर गेलेल्या डॉलरवरच वरचा दर लागतो, खालच्यांना हात लागत नाही, त्यामुळे स्लॅब ओलांडून हातातला पगार घटत नाही. ही भीती येते कुठून, याचा एक अंदाज मात्र करता येतो. आपल्याकडचा प्रोफेशनल टॅक्स आठवा. महाराष्ट्रात महिना 25,000 रुपये पगार असलेल्या बाईला तो शून्य. पगार एक रुपयाने वाढला की 200 रुपये कापले. तिथे उंबरठा ओलांडल्यावर खरंच नुकसान होतं. पगारपत्रकावर आयुष्यभर तेच पाहिलेला माणूस इथेही तेच गृहीत धरत असेल, तर नवल नाही.

शिवाय ऑन्टॅरिओतही उंबरठ्यासारखं काहीतरी आहे, आणि फॉरवर्डला नेमकं तेच माहीत नाही. 2004 पासून चालू असलेला हेल्थ प्रीमियम पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. उत्पन्न 72,000 असताना तो 600 असतो, 72,600 ला 750 होतो. म्हणजे त्या 600 डॉलरच्या पट्ट्यात दर डॉलरमागे 25 सेंट एकट्या प्रीमियमचे. त्यात फेडरलचे 20.5 टक्के आणि प्रांताचे 9.15 मिळवा. 600 च्या ओव्हरटाइममधून 123 केंद्राला, 55 प्रांताला, 150 प्रीमियमला. उरतात 272, त्यातूनही सीपीपीचे थोडे जातील. चिडायला हरकत नाही, पण 272 म्हणजे उणे नव्हे. 48,000 ते 48,600 मध्येही असाच चढ आहे.

निम्म्याचा ठोकताळा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. एके काळी प्रांत आपला टॅक्स फेडरल टॅक्सच्या टक्केवारीतच लावत. 2000-2001 च्या सुमारास ते सोडून त्यांनी स्वतःचे स्लॅब आणले. तरी 80,000 ला फेडरल येतो 10,972, निम्मा 5,486. खरा आकडा 5,335. 40,000 ला निम्मा 1,822 आणि खरा, खाली येणारं कमी उत्पन्नाच्या कामगारांचं क्रेडिट न धरता, 1,844. इतकं जवळ आल्यावर लोक विश्वास ठेवणारच!

गडबड होते ती दोन्ही टोकांना. 25,000 पगार असलेल्याला निम्म्याने 697 येतात. प्रत्यक्षात कमी उत्पन्नाच्या कामगारांसाठीचं प्रांताचं क्रेडिट, 875 पर्यंतचं, त्याचा प्रांतिक टॅक्स शून्यावर आणू शकतं, आणि मग प्रीमियमचे 300 एवढेच उरतात. 150,000 ला उलटं. निम्मा 13,713, खरा 15,701. हा फरक सरटॅक्सचा. तो उत्पन्नावर नाही, टॅक्सवर टॅक्स आहे: प्रांतिक टॅक्स 5,554 च्या वर गेला की वरच्या भागाच्या 20 टक्के, आणि 7,108 च्या वरच्या भागावर आणखी 36 टक्के. स्लॅबच्या कोष्टकात तो दिसत नाही, म्हणून ऑन्टॅरिओचा वरचा दर 13.16 टक्के आहे असं सांगणारेही चुकतात. दोन्ही सरटॅक्स धरले की तो 20.53 होतो.

राहिला आल्बर्टा. तिथे नाही तो प्रांताचा सेल्स टॅक्स. दुकानात 5 टक्के जीएसटी लागतो, ऑन्टॅरिओत 13 टक्के एचएसटी, म्हणजे केंद्र आणि प्रांत दोघांचा मिळून. इन्कम टॅक्स आहेच. 2024 मध्ये 21,885 च्या सवलतीनंतर सरळ 10 टक्क्यांपासून सुरुवात. 80,000 ला तो होतो 5,812, म्हणजे प्रीमियमसकट ऑन्टॅरिओपेक्षा जवळजवळ पाचशेने जास्त. 2025 पासून आल्बर्टाने पहिल्या 60,000 वर 8 टक्क्यांचा स्लॅब आणला, तेव्हा त्या वर्षासाठी हिशेब पुन्हा मांडा. पारडं थोडं तिकडे झुकतं.

पण मित्राचा पत्ता देऊन काही साधत नाही. 31 डिसेंबरला तुम्ही खरोखर कुठल्या प्रांताचे रहिवासी होता, त्यावर पूर्ण वर्षाच्या पगाराचा प्रांत ठरतो, आणि रहिवास म्हणजे घर, जोडीदार, मुलं कुठे आहेत ते. खोटा पत्ता टाकणं ही करचुकवेगिरी आहे. नोकरी कुठे आहे त्यावरही प्रांत ठरत नाही, ठरते फक्त पगारातली कपात. ओटावात राहून नदीपलीकडे गॅटिनोच्या ऑफिसात जाणाऱ्याच्या पगारातून क्युबेकचा टॅक्स कापला जातो; रिटर्न मात्र त्याने ऑन्टॅरिओचा रहिवासी म्हणून भरायचा आणि क्युबेकला गेलेले पैसे त्याच रिटर्नमध्ये दाखवायचे.