घरी अहिराणी बोलल्यानं मुलाची मराठी बिघडत नाही

जूनमध्ये शाळा उघडल्या की आमच्या खानदेशातल्या, धुळे-जळगावकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर दरवर्षी फिरतो. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच. अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी. तिला ना लिपी, ना व्याकरण. घरात ती बोललात तर मुलाची मराठी कच्ची राहील आणि पुढे मुलाखतीत तो मागे पडेल. म्हणून पहिलीपासून घरात फक्त ‘शुद्ध’ बोला. यंदा तो माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईनं मला पाठवला. खाली लिहिलं होतं, “मॅडम, खरं शे का हाई?” तिला तोंडी उत्तर दिलंच, पण तो मजकूर शेकडो घरांत गेलाय, म्हणून हे लिहिते.

आधी ‘बिघडलेली’ हा शब्द. बिघडलेल्या गोष्टीला नियम नसतो, अहिराणीला आहे. ‘घरमा’, ‘वावरमा’, ‘डबामा’. आत असल्याचं सांगायला ‘मा’, दर वेळी. मराठीतल्या ‘ला’च्या जागी ‘ले’: ‘बापले’, ‘घोडाले’. मी शे, तू शेस, तो शे. ‘मी जासू’ म्हणजे मी जाईन. चार वर्षांचं पोरही यात चुकत नाही. ‘मा’ आणि ‘शे’ ऐकले की शेजारच्या गुजरातीची आठवण येते, आणि येणारच. तापी आमच्याकडून वाहत सुरतेलाच जाते. ब्रिटिश काळात भाषाअभ्यासक ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांचं सर्वेक्षण केलं तेव्हा मराठीचा खंड १९०५ साली वेगळा निघाला आणि खानदेशी, म्हणजे अहिराणी आणि तिच्या जवळच्या बोली, १९०७ साली भिल्ली भाषांबरोबर दुसऱ्या खंडात गेली. जनगणनेतही ‘खानदेशी’ची नोंद मराठीपासून वेगळी होते. तिला स्वतंत्र भाषा म्हणावं की मराठीची बोली, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो असू दे. बोली मानली तरी ती मराठीची नासाडी ठरत नाही.

त्याच जनगणनेत २००१ साली ‘खानदेशी’त मोजले गेलेले लोक सुमारे २० लाख ७५ हजार होते, २०११ साली सुमारे १८ लाख ६० हजार. लोकसंख्या वाढली आणि हा आकडा घटला. दारात आलेल्या प्रगणकाला ‘मराठी’ सांगून मोकळे होणारे लोक मी माझ्याच घरात पाहिले आहेत.

लिपीचा मुद्दा दोन ओळींत संपतो. मराठीचा दप्तरी कारभार विसाव्या शतकापर्यंत मोडीत चालत होता, आज ती देवनागरीत आहे. हिंदी, नेपाळीही देवनागरीतच आहेत. लिपी बदलली म्हणून मराठी बदलली नाही, मग अहिराणीनं देवनागरी वापरली तर तिची भाषा कशी जाते?

आता मुख्य आरोप, की घरच्या बोलीमुळे मराठी कच्ची राहते. मी बावीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवते, म्हणून इथे थोडं थांबते.

मुलं ‘डब्यात’ऐवजी ‘डबात’ लिहितात, ‘घोड्याला’ऐवजी ‘घोडाला’. वरवर पाहिलं तर गलथानपणा वाटतो. पण घरी मूल ‘डबामा’, ‘घोडाले’ म्हणतं, तिथे ‘डबा’ आणि ‘घोडा’ जसेच्या तसे राहतात. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं सामान्यरूप होतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ‘डबात’ लिहिताना त्यानं मराठीचा ‘त’ बरोबर लावलाय, फक्त ‘डब्या’ व्हायचं राहिलंय. फळ्यावर दोन रकाने पाडून एकीकडे ‘डबामा’, दुसरीकडे ‘डब्यात’ असे दहा शब्द लिहिले की मुलं पुढचे दहा स्वतः सांगतात. लाल शाईनं गोल करून हे कधीच झालं नाही.

दुसरं उदाहरण ‘ळ’चं. आमच्याकडे धुळे ‘धुये’ होतं, जळगाव ‘जयगाव’, केळी ‘केयी’, डोळा ‘डोया’. मुलाला नुसतं “य नको, ळ म्हण” असं दटावलं की काय होतं, ते मी एका वहीत पाहिलं: ‘गाळ दूध देते.’ गाय, माय, पाय यांचा ‘य’ मुळातलाच आहे. तो कुठला आणि ‘ळ’च्या जागी आलेला कुठला, हे एकेक शब्द घेऊन दाखवावं लागतं. दाखवणाऱ्याला अहिराणी आलीच पाहिजे.

आणि एक मुलगी आठवते. पहिल्याच आठवड्यात उभी राहून म्हणाली, “मन्ही पाटी घरमाच राही गयी.” वर्ग हसला. मी तेव्हा नवीन होते. मी वर्गाला थांबवायचं सोडून तिचं वाक्य दुरुस्त केलं. दिवाळीपर्यंत ती वर्गात आपणहून बोलली नाही. तिची मराठी त्या चार महिन्यांत मागे पडली, आणि ती माझ्यामुळे पडली.

‘शुद्ध’ या शब्दाबद्दलही एक सांगायचंय. शासनानं १९६२ साली मान्य केलेले नियम शुद्धलेखनाचे आहेत, ऱ्हस्व-दीर्घाचे, अनुस्वाराचे. आईनं लेकराशी कसं बोलावं याचे नियम कुठल्याच शासनानं केलेले नाहीत. उलट २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात, शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. आणि खानदेशातल्याच लेवा बोलीत ओव्या गाणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंचं नाव २०१८ पासून आमच्या विद्यापीठाला आहे.

मुलाखतीची भीती मात्र खोटी नाही. प्रमाण मराठी यायलाच हवी. प्रश्नपत्रिका तिच्यात असते, अर्ज तिच्यात असतो. त्यात माझ्याकडून कसलीही सूट नाही. पण तो मजकूर वाचून आई-बाप घरात जी भाषा आणतात ती प्रमाण मराठी नसतेच. ती अडखळती, पुस्तकी चार वाक्यं असतात. आजी अहिराणीत हाक मारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो, अशी घरं आता धुळ्याच्या कॉलन्यांत पुष्कळ आहेत. तिथे मुलाला ना आजीची गोष्ट मिळते, ना मराठी.

हे सगळं लिहिताना सातपुड्याकडे पाहिल्याशिवाय राहवत नाही. अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवरची मुलं घरी भिल्ली किंवा पावरी बोलतात. तिथे बदलून गेलेला आमच्यासारखा अहिराणी गुरुजी त्यांच्या बोलीला ‘गावठी’ म्हणतो, तेव्हा लहानपणी स्वतः ऐकलेलाच शब्द तो त्या मुलांना देत असतो. अहिराणीसाठी जे मागतो ते पावरीसाठी मागितलं नाही, तर आमचं मागणं खोटं ठरेल.

त्या आईला मी उत्तर पाठवलं ते तिच्याच भाषेत. “हाई खरं नही. तुम्ही पोऱ्याले रोज रातले तुम्हनी भाषामा गोष्ट सांगा, मराठी मी शिकाडसू.”