दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालवून गाडी जपली जात नाही

आज सकाळी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात 1930 सालची एक फोर्ड मॉडेल ए ट्रेलरवरून उतरवली. रंग असा की तोंड बघून घ्यावं. मालकांनी चोक ओढला, सेल्फ मारला, जागच्या जागी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. टाळ्या पडल्या. मग इंजिन बंद, भोवती दोरी आणि 'हात लावू नये'ची पाटी. वर अभिमानाने सांगत होते, "दर रविवारी न चुकता एवढं करतो. रस्त्यावर मात्र कधीच काढत नाही." तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून हे लिहितोय.

अहो, त्या दहा मिनिटांनीच इंजिन खराब होतंय! एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. इंजिन गरम असेल तर वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जातं. थंड इंजिनात त्यातली काही वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, उतरते आणि ऑइलमध्ये मिसळते. चोक ओढलेला असल्यामुळे जास्तीचं कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि तेही खाली जातं. मालकांनी ऑइल भरायच्या नळीचं टोपण काढून दाखवलं, तर आतून मळकट पांढरा चिकट फेस. ते त्याला जुनं ग्रीस समजत होते. ते पाणी आहे, ऑइलमध्ये घुसळलेलं. त्यातच आम्ल तयार होतं आणि बेअरिंगचा बॅबिट, म्हणजे आतला मऊ धातूचा थर, हळूहळू खातं.

या इंजिनाला ऑइल फिल्टर नाही, हे विसरू नका. चेंबरमध्ये पावणेपाच लिटरच्या आसपास ऑइल बसतं. पंप ते वर वाल्व चेंबरमध्ये चढवतो, तिथून ते आपल्या वजनाने मेन बेअरिंगला उतरतं आणि कनेक्टिंग रॉडना खालच्या पन्हळीतून उडून मिळतं. घाण अडवणारं मध्ये काहीच नाही. म्हणून फोर्डने दर 500 मैलांनी, म्हणजे 800 किलोमीटरला, ऑइल बदला आणि ग्रीस मारा असं सांगितलं होतं. गाडी चालतच नसेल तर किलोमीटर मोजून काय उपयोग? वर्षातून एकदा तरी बदला, आणि बदलायच्या आधी गाडी निदान अर्धा तास रस्त्यावर पळवा. रेडिएटरचं पाणी तापलं म्हणजे ऑइल तापलं असं नाही, ऑइलला बराच जास्त वेळ लागतो.

"पण बॅटरी चार्ज राहते ना" हे आणखी एक. नाही राहत. या गाड्यांना डायनॅमो असतो आणि मंद चालीवर तो चार्जच करत नाही. डायनॅमो बॅटरीला जोडणारा स्विच, म्हणजे कटआउट, उघडाच राहतो. सेल्फने जे ओढलं ते गेलं. दर रविवारी बॅटरी थोडी थोडी उतरते, आणि मग दोष येतो सहा व्होल्टवर! सहा व्होल्टमध्ये काहीही वाईट नाही. तेवढ्याच ताकदीला करंट दुप्पट लागतो, म्हणून केबल जाड हवी. बाजारातली बारा व्होल्टची बारीक केबल घालायची आणि सेल्फ रडतोय म्हणून अख्खी गाडी बारा व्होल्टची करायची, हा कुठला न्याय? बॅटरी चासीला जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट काढा, चासीवरचा रंग तिथे खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या, पट्टी घट्ट आवळा. मॉडेल एमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला जोडलेलं असतं, बॅटरी लावताना तेवढं बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

कुणी म्हणेल, आजच्या रहदारीत अशी गाडी काढायची भीती वाटते. वाटणारच, ते मान्य. एकुलती एक उरलेली गाडी असेल तर ती संग्रहालयात राहू दे, त्यालाही माझी ना नाही. पण मॉडेल ए पन्नास लाखांच्या जवळपास बनल्या होत्या आणि तिचे पार्ट आजही नवे बनतात. भीती असेल तर ब्रेक नीट करा. आजच्या त्या गाडीचे ब्रेक बघितले, तर पॅडलची ओढ चाकांच्या ब्रेकपर्यंत नेणारे गज आखूड करून 'टाइट' केलेले! या गजांची लांबी ब्रेक लावून घ्यायला नसते. ती बदलली की लिव्हरचा कोन बिघडतो, आणि पॅडल कडक लागूनही गाडी थांबत नाही. प्रत्येक चाकाच्या ब्रेकप्लेटवर पाचरीचा अ‍ॅडजस्टर असतो, तो फिरवायचा. चारही चाकं जॅकवर घ्या, स्टँड लावा. चाक अडकेपर्यंत पाचर आवळा, मग चाक मोकळं फिरेल इतकी सोडा. पॅडल आणि सीट यांच्यामध्ये लाकडी पट्टी धरून थोडं थोडं दाबत जा. मागची चाकं आधी धरली पाहिजेत, पुढची मागोमाग, आणि डावं-उजवं सारखं. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बंद करून टाका.

टायरही तसेच. नक्षी कोरी करकरीत, बाजूच्या भिंतीला मात्र भेगा. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. भिंतीवर चार आकडे असले तर पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षं उलटली की नक्षी कितीही शाबूत असो, बदला.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. माणूस भला आहे. दारांच्या लाकडी चौकटीचे सांधे त्यांनी स्वतःच्या हाताने बसवले आहेत आणि दार एका बोटाने लागतं. एवढा जीव लावणाऱ्याला गाडी चालवायला कुणी शिकवलंच नाही, याचंच वाईट वाटतं. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूचा लिव्हर स्पार्कचा, म्हणजे ठिणगी लवकर पडावी की उशिरा ते ठरवणारा. इंजिन हाताने फिरवायचं हँडल किंवा सेल्फ मारताना तो पूर्ण वर, नाहीतर इंजिन उलटं मारतं आणि हँडल धरलेलं मनगट मोडतं. हँडल खालून वर ओढायचं, अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला. सुरू झालं की लिव्हर खाली घ्या. चढावर वेग पडला की थोडा परत वर, आणि वेळेवर गिअर उतरवा. टॉप गिअरमध्ये इंजिन ठोके देत ओढत राहिलं की बॅबिट चेपतो. गाडी उभी केल्यावर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा. टाकी डॅशबोर्डच्या वर आहे, कार्ब्युरेटर खाली. त्यातली पेट्रोल अडवणारी सुई गळली तर पेट्रोल थेट जमिनीवर, आणि मग एक ठिणगी पुरते.

तुमच्या कुणाकडे बरीच वर्षं उभी असलेली मॉडेल ए असेल तर उद्या उठून सेल्फ मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा आणि दोन दिवस थांबा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडलने हळू फिरवा. अडकलं तर जोर करू नका, बाजूचं झाकण उघडून आधी वाल्व बघा, एखादा वरच अडकलेला असतो. टाकीतलं जुनं पेट्रोल फेका, गाळाची वाटी धुवा. चेंबर उतरवून तळाचा चिखल खरवडून काढा. तो तसाच ठेवून नवं डिटर्जंट ऑइल, म्हणजे घाण सुटी करणारं ऑइल, भरलं तर चिखल सुटून ऑइलच्या वाटा बुजतात. नवं ऑइल भरताना थोडं वरून वाल्व चेंबरमध्ये ओता, म्हणजे मेन बेअरिंग पहिल्या फेऱ्यालाच ओली असतील. एवढं झाल्यावर, ब्रेक वर सांगितले तसे लावून, पहिल्यांदा फार तर दोन-तीन किलोमीटर न्या. परत आल्यावर चारही ड्रमच्या जवळ हात नेऊन बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय, पुढच्या फेरीआधी तो सोडवा.