शिऱ्याची नवी डिझेल आणि पिवळा दिवा

काल ठाण्याला तलावपाळीच्या कट्ट्यावर परत शिऱ्याच्या गाडीचाच विषय. नवीकोरी डिझेल एसयूव्ही, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून तसंच, आणि डॅशवर पिवळा दिवा. सर्व्हिसवाल्याने "सर सगळ्या गाड्यांना येतो, चालवत रहा" म्हणून परत धाडलेला.

सुन्याला तेवढंच पाहिजे असतं. "लिंबू-मिरची लावली नाहीस ना? आमच्या काकांच्या गाडीला असले दिवेच नव्हते, कार्बोरेटर खोलला, फुंकला की चालू." सुन्याच्या दर वाक्यात काका. स्वतः फिरतो भावाच्या स्कूटरवर.

वैशूच्या वडिलांचं वागळे इस्टेटला गॅरेज, लहानपणापासून तिथेच वाढलेली. तिने एकच विचारलं, "शिऱ्या, रोज जातोस कुठे?"

"नौपाडा ते वागळे, अजून कुठे."

"मग डीपीएफ चोक होणारच ना. २०२० पासूनच्या बीएस६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या डिझेलला एक्झॉस्टमध्ये हा फिल्टर असतो, काजळी धरून ठेवतो, ती जाळायला साधारण ६०० डिग्री लागतात. तीन हात नाक्याच्या सिग्नलला उभं राहून कुठून आणणारेस ६०० डिग्री?"

"काढून टाक तो फिल्टर! सरळ पाईप टाकून देतात," सुन्या.

"बेकायदा आहे ते, आणि वॉरंटी काका देणार का?" कट्टा फुटलाच.

मग तिने बॉनेट उघडायला लावलं. मोबाईलच्या टॉर्चमध्ये डिपस्टिक काढली, टिश्यूने पुसली, परत घालून बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. फिल्टरमधली काजळी जाळायचं काम सुरू झालं की एक्स्ट्रा डिझेल सोडलं जातं, आपण घरी पोचून गाडी बंद करतो, काम अर्धवट राहतं आणि ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. म्हणाली आता हायवे बियवे नंतर, आधी हे ऑइल बदलून घे, मग मॅन्युअलमध्ये दिलंय तसं नाशिक हायवेला पंधरा-वीस मिनिटं एकसारखी पळव, मध्ये बंद करायची नाही. दिवा ब्लिंक व्हायला लागला तर मात्र स्वतः काही करू नकोस, सरळ वर्कशॉप.

"आणि तोंडी तक्रार करून येत जाऊ नकोस रे. जॉबकार्डवर लिहून घ्यायचं, किलोमीटरसकट, आणि कॉपी मागायची. ऐकत नसतील तर १९१५ला, ग्राहक हेल्पलाईनला फोन लाव, ग्राहक आयोगात जायला दोन वर्षं असतात, पण हातात कागद पाहिजे."

मला विचाराल तर खरा राग विकणाऱ्याचा येतो. रोजचं रनिंग किती, एवढं एक विचारलं असतं तर शिऱ्याला पेट्रोलच घे म्हणाले असते. ह्यांनी सनरूफ दाखवलं, ॲक्सेसरीज गळ्यात मारल्या आणि डीपीएफचा शब्द नाही. ठाण्यात शहरातल्या शहरात फिरणाऱ्या किती जणांना ही डिझेलं विकली असतील.

शेवटी ठरलं, ऑइल झालं की रविवारी सगळ्यांनीच पडघ्याच्या पुढे जायचं. सुन्या म्हणाला मी पुढे बसणार.

"टोल कोण देणार?" शिऱ्याने विचारलं.

"लोणावळ्याचे पेट्रोलचे पैसे अजून दिले नाहीत ह्याने," वैशू म्हणाली, "टोल पण काकाच भरतील."

सुन्या सोडून सगळे हसायला लागले, आणि मग सुन्यापण.