द्वारकेची डुलकी

आमच्या घरात सध्या दोन वेळा चालतात. एक भारतीय प्रमाणवेळ आणि दुसरी ठकूची. ठकू आठ महिन्यांची आहे. तिचं वेळापत्रक फ्रिजवर लावलंय: सकाळी साडेनऊला पहिली झोप, दुपारी दीडला दुसरी, रात्री आठला अंथरूण. बायकोने ते तीन रंगांच्या स्केचपेनने काढलंय. ठकूला त्यातला लाल रंग आवडतो, हात पोचला की ती तो चाटते. वेळापत्रकाशी तिचा संबंध एवढाच.

चार महिने ते एक वर्ष या वयातल्या बाळाला चोवीस तासांत 12 ते 16 तास झोप हवी, दिवसातल्या झोपा धरून, असं डॉक्टर सांगतात. ऐकून मला आधी हेवाच वाटला. ठकू तेवढी झोपते, अगदी चोख. कुठे आणि कधी, हे मात्र ती आधी कळवत नाही.

घरी ती झोपली की कुकर लावायचा नाही. बेलची वायर काढून ठेवलीय. दूधवाला बिचारा मिस्ड कॉल देतो. आणि हीच बाई रविवारी मखमलाबाद रोडला मिसळ खायला गेलो तर पत्र्याच्या शेडखाली, स्टीलच्या ताटांच्या खणखणाटात, "सात नंबरला रस्सा, पाव गरम!" असं एक पोऱ्या तिच्या कानाशी ओरडत असताना माझ्या उजव्या खांद्यावर मान टाकून घोरायला लागली. तोंड उघडं, लाळ शर्टावर, मुठीत पापडाचा तुकडा. हलायची सोय नव्हती, म्हणून मी डाव्या हाताने जेवलो. आई मिसळीकडे कमी आणि त्या हाताकडे जास्त बघत होती.

अशी आगंतुक झोप आली की घरात बैठक बसते. मुद्दा सोपा आहे. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं, त्याने झोप ओढते, आणि झोपलं की ते उतरतं. दहा मिनिटं डोळा लागला तरी थोडं उतरतंच. सकाळच्या डुलकीने फारसं बिघडत नाही, पुढची झोप थोडी सरकवायची की झालं. उलट दुपारची झोप बुडाली तर रात्रीचं अंथरूण अर्धा तास अलीकडे घ्यायचं, कारण फार थकलेलं बाळ झोपत नाही, भांडतं. खरी भानगड संध्याकाळच्या डुलकीची. साडेपाचला काढलेली वीस मिनिटं रात्री साडेदहापर्यंत पुरतात.

त्यामुळे संध्याकाळी ती झोपलीच तर पंधरा-वीस मिनिटांत उठवायचं, असा बायकोचा नियम आहे. आईला तो मान्य नाही.

"झोपलेल्या लेकराला उठवतात का कुणी? तुझ्या नवऱ्याला मी कधी उठवलं नाही."

"ते दिसतंच आहे, आई."

मी अशा वेळी दुपटी वाळत घालायला गच्चीवर जातो.

गेल्या महिन्यात गंगापूर रोडला मावशीकडे गेलो होतो. निघायला पाच वाजले, कारण मावशीकडे 'निघतो' म्हटल्यावर चहा ठेवतात. आम्ही राहतो नाशिकरोडला, म्हणजे सगळं शहर ओलांडायचं. अशोक स्तंभापर्यंत ठकू मजेत होती. सीबीएसला पहिली जांभई आली. मुंबई नाक्याला ती डोळे चोळायला लागली आणि गाडीत आणीबाणी लागली. नाशिकची जानेवारीची थंडी, तरी मी काच खाली केली. आईने खुळखुळा वाजवला. बायको तिच्या तळपायाला गुदगुल्या करत "ते बघ भूभू, ते बघ भूभू" म्हणत होती. बाहेर भूभू नव्हता, टेम्पो होता. ठकूने एक डोळा अर्धा उघडून आम्हा सगळ्यांची कीव केली.

आणि आलं द्वारका. इथे मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रोड एकमेकांना भेटतात आणि बराच वेळ सोडत नाहीत. लांबच्या गाड्या वरच्या उड्डाणपुलावरून सुटतात, नाशिककर खाली. गाडी चालू असली की बाळं झोपतात, थांबली की उठतात, असं म्हणतात. द्वारकेला गाडी धड चालत नाही आणि धड थांबतही नाही. नुसती सरकते, डुलते, पुन्हा सरकते. सरकारी खर्चाने एवढा मोठा पाळणा दुसरीकडे कुठे टांगलेला नसेल. खुळखुळा पडला, ठकू गेली.

उपनगर, दत्त मंदिर, बिटको, आणि मग घर. गाडीत कुणी बोललं नाही. आई विजयी मुद्रेने बसली होती. आता कार सीटमध्ये तसंच ठेवताही येत नाही. बसल्या झोपेत बाळाची मान पुढे पडते, श्वासाला अडथळा होऊ शकतो, म्हणून पोचल्यावर सपाट गादीवर पाठीवर ठेवायचं. मी बकलवर अंगठा ठेवला, दुसऱ्या हाताने आवाज दाबला, श्वास धरला. खट्.

ठकू टक्क जागी. गोड हसली.

आठला दिवे मालवले. नऊला ती अंधारात टाळ्या वाजवत होती. दहाला ती माझ्या पोटावर उभी राहून "बाबाबाबा" म्हणत होती. हाक माझ्यासाठीच आहे, असं बायकोने कूस बदलत जाहीर केलं.

आता पुढच्या आठवड्यात सिन्नरला मामेभावाचं लग्न आहे. मुहूर्त दुपारी 12.35 चा, म्हणजे लग्न लागणार दीडला, नेमकं झोपेच्या वेळी, आणि बँडवाले तर बोलावलेच आहेत. आई म्हणते, अक्षता टाकून लगेच निघू. बायको म्हणते, अक्षता इथूनच टाकू. मी नवरदेवाला फोन करून मुहूर्त जरा अलीकडे घेता येईल का, असं विचारलं. त्याने गुरुजींचा नंबर पाठवलाय.