जीएनएमला निकालात काढणाऱ्या मेसेजचं काय करायचं

बारावीचा निकाल लागला रे लागला की कुडाळ-कणकवलीकडच्या ग्रुपांवर तोच मेसेज फिरायला लागतो. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, बंद होतंय, करायचं तर बीएस्सी नर्सिंगच करा, आर्ट्सवाल्यांनी नाद सोडा आणि एएनएम (उपकेंद्रावरच्या नर्सबाईचा कोर्स) म्हणजे आयुष्यभर पोलिओचे डोस. खाली हात जोडलेले, पालकांपर्यंत पोचवा म्हणून.

बंद होतंय ही आवई काही वर्षांपूर्वी उठलेली, भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या पातळीवर तसं चाललंही होतं, पण कोर्स सुरूच आहे आणि अ‍ॅडमिशनही होतायत. विषय संपला.

आर्ट्सचं म्हणाल तर जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी हवं आणि ४० टक्के, सायन्स असलं तर बरं एवढंच. पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) आणि ४५ टक्के लागतात ते बीएस्सीला, वर सीईटी. आणि मुलगे जीएनएम करू शकतात हो, फक्त मुलींसाठी आहे ते एएनएम.

आता 'बीएस्सीच करा'. मार्क आहेत, चार वर्षांची फी झेपतेय, तर खुशाल करा, मी पण तेच सांगेन. एम्सच्या नर्सभरतीच्या परीक्षेला, नॉरसेटला, बीएस्सीवाली पास होऊन थेट बसते, जीएनएमवालीला ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, हा फरक खराच. पण म्हणून जीएनएम वाया? सिव्हिलच्या वॉर्डात जाऊन ड्युटी लिस्ट बघा, दोघी अधिपरिचारिकाच (स्टाफ नर्स), नावं एकाखाली एक. लावणीच्या दिवसांत लेप्टोचा, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाचा, पेशंट येतो, किडनीवर जाईल म्हणून लघवी मोजून चार्टवर लिहीत राहायचं, आकडा घसरला की रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवायचं. ते कळतं ते वॉर्डात राबून, तिथे डिग्री की डिप्लोमा कोण विचारत नाही. आणि जीएनएम तीन वर्षांचं, नंतर पोस्ट बेसिकचा कोर्स दोन वर्षं केला की बीएस्सीची डिग्री हातात, पुढे एमएस्सी पण उघडं. वर्ष एक जास्त जातं, पण मधे पगार सुरू झालेला असतो, ज्या घरात "चार वर्सा कोण थांबतला गो" असं आई विचारते तिथे हे लहान नाही.

मेसेज बोलत नाही ते कॉलेजबद्दल. बीएस्सीच्या कॉलेजला नियमाने स्वतःचं १०० खाटांचं हॉस्पिटल लागतं. अ‍ॅडमिशनच्या आधी दुपारी ओपीडी संपल्यावर जा आणि खाटांवर खरोखर पेशंट आहेत का ते बघा. खाटा रिकाम्या आणि सिनिअर मुलींच्या प्रोसिजर बुकात (हाताने केलेल्या कामांच्या नोंदवहीत) सह्या मात्र भरलेल्या, तर तिथली बीएस्सी काय कामाची? त्यापेक्षा गजबजलेल्या हॉस्पिटलातलं जीएनएम केव्हाही बरं.

एएनएमला हिणवणाऱ्यांनी डोंगरातल्या उपकेंद्रावर पावसात एक दिवस काढावा. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, टीबीच्या गोळ्या, रजिस्टरं, सगळं तिच्याच गळ्यात. आणि रजिस्टर्ड एएनएमला पुढे जीएनएमला जाता येतं, वाट तिथे संपत नाही.

खरी फसवणूक वेगळीच आहे, 'सहा महिन्यांत नर्स' असल्या बोर्डांची. त्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळत नाही, म्हणजे कागदावर तुम्ही नर्सच नाही. याबद्दल मात्र कोणी फॉरवर्ड करताना दिसत नाही.